भट्टी जमली म्हणजे काय?

एखादा लेख चांगला उतरला की आपण म्हणतो, भट्टी छान जमली आहे. मैफल रंगली नाही तर म्हणतो, आज भट्टी काही जमली नाही. भट्टी धोब्याची असते, चुन्याची असते, लोहाराचीही असते. तेव्हा हा वाक्प्रचार नेमक्या कोणत्या भट्टीवरून आला याविषयी आम्ही हट्ट धरणार नाही. तरीपण ज्या भट्टीचा उच्चार आपल्या घरांतून हलक्या आवाजात होत असे, तिच्याइतकी ‘जमणे’ आणि ‘बिघडणे’ ही दोन क्रियापदे दुसऱ्या कोणत्याच भट्टीला चपखल बसत नाहीत, एवढे मात्र खरे.

हा विषय डोक्यात शिरण्याचे निमित्त घरगुती आहे. लष्करातील आमच्या जुन्या वाड्याचा माळा गेल्या हिवाळ्यात रिकामा करताना अडगळीत एक तांब्याचा रुंद बुडाचा हंडा, त्याच्या तोंडावर बसणारे टोपण, आणि लांब मानेचा गोल तांब्याचा गडवा अशा वस्तू सापडल्या. टोपणाला बाजूने भोक होते आणि त्यात काळपट पडलेल्या बांबूचा तुकडा अडकून राहिला होता. घरातील वडीलधाऱ्यांना आठवत होते ते इतकेच, की उन्हाळ्यात यावर गुलाबपाणी आणि एरवी ओव्याचा, बडीशेपेचा अर्क काढीत. आमच्या पुतण्याला मात्र त्या हंड्याने झपाटले. घरच्या घरी अर्क काढायचा तर नवशिक्याने पहिली भट्टी कोणत्या घडणीची घ्यावी, हेच भांडे दुरुस्त करावे की नळीचे वेटोळे असलेले नवे आणावे, असा त्याचा प्रश्न होता. ‘काका, तुम्ही एवढी पुस्तके वाचता, तर एवढे सांगा,’ असे म्हणून तो मोकळा झाला आणि आम्ही अडकलो.

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या पोटात दोन हजार वर्षे आहेत. द्रव तापवावा, वाफ निघावी, ती निववून पुन्हा द्रव करावी, हे तत्त्व एकच. मद्यार्क सुमारे ७८ अंशांवर उकळतो आणि पाणी १०० अंशांवर. म्हणून आंबवलेल्या रसाची वाफ रसापेक्षा अधिक कडक असते. येथपर्यंत साऱ्या जगाचे एकमत आहे. मतभेद सुरू होतो तो वाफ निववायची कोठे या मुद्द्यावर. भांड्याच्या डोक्यावर, वाटेत नळीत, की जेथे ती साठते त्या भांड्यात? भट्ट्यांच्या सगळ्या घडणी या एका प्रश्नाची निरनिराळी उत्तरे आहेत.

ही उत्तरे आपल्याकडे एकाच परिच्छेदात मिळतात, हे आम्हांला आश्चर्याचे वाटले. अबुल फज्लने आइन-इ-अकबरीत, म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस, उसाच्या प्रकरणात अरक काढण्याची कृती दिली आहे. उसाच्या रसात बाभळीची साल घालून तो आंबवतात हे सांगून तो तीन रीती वर्णितो. पहिल्या रीतीत भांड्याच्या आतच एक वाटी हलणार नाही अशी ठेवतात आणि तोंडावर थंड पाण्याने भरलेले भांडे झाकतात; वाफ त्या थंड बुडाला लागून थेंबाथेंबाने वाटीत पडते. दुसरीत भांड्यावर मडके बसवून सांधे मातीने लिंपतात, त्याला दोन नळ्या जोडतात, आणि नळ्यांची टोके थंड पाण्यात बसवलेल्या घागरींत सोडतात. तिसरीत आतल्या वाटीच्या जागी पोकळ दांड्याची मोठी पळी असते. वरच्या झाकणात थंड पाणी, आणि पळीत पडलेला अरक दांड्यातून बाहेरच्या घागरीत. दोनदा काढलेल्या अरकाला ‘दुआतशा’, म्हणजे दोनदा आग पाहिलेला, असे नाव तो देतो. जोसेफ नीडम या चीनच्या विज्ञानाच्या इतिहासकाराने भट्ट्यांचे जे वर्गीकरण केले आहे, त्यात आतली वाटी ही मंगोल घडण, बाहेर नेणारी पळी ही चिनी घडण, आणि नळीने जोडलेली पाण्यातील घागर ही गांधार घडण होय. अकबराच्या राज्यात तिन्ही एका वेळी चालू होत्या. एक चांगली आणि दुसरी मागास असा निवाडा अबुल फज्ल करीत नाही, ही गोष्टही लक्षात घेण्यासारखी आहे.

गांधार घडण हे नाव पडले ते उत्खननामुळे. सर जॉन मार्शल यांनी १९१३ पासून १९३४ पर्यंत तक्षशिला खणली आणि १९५१ साली आपला तीन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. सिरकप येथे मिळालेल्या मातीच्या भांड्यांची जुळणी करून त्यांनी एक भट्टी उभी केली होती: रुंद तोंडाचे मडके, वर टोपीसारखे झाकण, बाजूला निघणारी नळी, आणि बाजूला तोंड असलेले गोल भांडे. पुढे चारसद्द्याजवळ शेखान ढेरी येथे तशी गोल भांडी मोठ्या संख्येने निघाली. रेमंड ऑल्चिन यांनी १९७९ साली या पुराव्यावरून, मद्य गाळण्याची कला प्रथम भारतात जन्मली काय, असा प्रश्न उघडपणे मांडला. सर्व विद्वानांनी मान डोलावलेली नाही. ती भांडी दुसऱ्या कामाचीही असतील, असा आक्षेप आहे. आमच्या मते मद्याचा दावा जपूनच करावा, पण घडणीचे पुरातनत्व नाकारण्याचे कारण दिसत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मेदक, प्रसन्ना, मैरेय अशी मद्यांची नावे येतात, आणि द्राक्षासव, कुमारीआसव तर आजही आपल्या कपाटात असतात. ही सारी आंबवलेली पेये आहेत; त्यांना भट्टी लागत नाही. गाळण्याच्या यंत्रांसाठी आपल्याला वैद्यांकडे नव्हे तर रसवैद्यांकडे, म्हणजे पारा शुद्ध करणाऱ्यांकडे जावे लागते. तेराव्या शतकाच्या सुमाराच्या रसरत्नसमुच्चयात विद्याधर यंत्र आहे, ज्यात खालच्या पात्रातून उडालेला पारा वरच्या, थंड पाणी भरलेल्या पात्राच्या बुडाला जमतो. ढेकी यंत्र आहे, ज्यात मानेखाली भोक पाडून वेळूची नळी बसवतात. आणि तिर्यक्पातन यंत्र आहे, ज्यात एका घटातील वाफ तिरप्या नळीने दुसऱ्या, पाण्याने निववलेल्या घटात जाते. शाळेच्या पुस्तकांनी या सर्व क्रियांना सरसकट ‘ऊर्ध्वपातन’ म्हटले आणि तोच शब्द रूढ झाला. पण जिथे वाफ वर जाऊन तिरपी उतरते, तिथे रसशास्त्रातील जुना शब्द तिर्यक्पातन हाच अधिक नेमका होता. परिभाषा करणाऱ्यांना तो जड वाटला असावा. असो.

आता गोव्याकडे वळू. तिर्यक्पातनाची ही मातीची परंपरा मराठी कानाला समजणाऱ्या शब्दांत जर कोठे अलीकडेपर्यंत नांदली असेल तर ती तेथे. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहिला आणि त्याचा औषधींवरील संवादग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. माडाची सूर गाळून उराक काढतात, आणि त्यातील सर्वांत कडक भाग असा असतो की त्यात भिजवलेले फडके पेटते, असे तो सांगतो. या भागाला ‘फुला’, म्हणजे फूल, म्हणत. म्हणजे काजूची फेणी येण्यापूर्वी माडाची होती. काजूचे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणले, आणि परदेशी फळाला देशी भट्टी मिळाली.

आमच्या मंडळातील एक सभासद मूळचे डिचोलीकडचे. त्यांच्याबरोबर काही वर्षांपूर्वी एप्रिलच्या अखेरीस आम्ही काजूच्या बागेतील एक भट्टी पाहिली होती. झाडावरून आपोआप गळालेली बोंडेच घेतात. तोडलेल्या बोंडांचा रस त्यांना चालत नाही. बोंडे तुडवून निघालेला रस तीन-चार दिवस आपला आपण आंबतो, बाहेरून काही घालीत नाहीत. मग तो भाणात जातो. भाण म्हणजे उकळीचे मडके. त्याच्या शेजारी लवणी, म्हणजे वाफ झेलणारे लहान मडके, आणि दोहोंना जोडणारी नळी. जुन्या पद्धतीत लवणीवर एकसारखे थंड पाणी ओतीत राहावे लागे, आणि ते काम बहुधा घरातील बायकामुलांकडे असे. पहिल्या खेपेला उतरतो तो उराक, सौम्य, सुमारे पंधरा टक्क्यांचा. त्याच हंगामात प्यायचा, कारण तो टिकत नाही. उराकात आंबवलेला रस मिसळून पुन्हा भाणावर चढवला की काजूची फेणी, बेचाळीस टक्क्यांच्या आसपास. अबुल फज्लचा दुआतशा येथे आपल्या डोळ्यांसमोर उतरतो.

आम्ही गेलो त्या ठिकाणी भाण तांब्याचे होते आणि लवणीच्या जागी पाण्याच्या टाकीत बुडवलेले नळीचे वेटोळे होते. आज बहुतेक ठिकाणी असेच आहे. भट्टी चालवणाऱ्या वृद्ध गृहस्थांना आम्ही विचारले, मातीचे भाण का सोडले? ते हसले. मडके फुटते, पेटत्या चुलीवर फुटले तर हंगाम गेला. शिवाय तेवढे मोठे मडके घडवणारा कुंभार आता सापडतो कोठे, असे त्यांनी उलट विचारले. आणि लवणी? त्याचे उत्तर त्यांनी विचार करून दिले. लवणीवर पाणी ओतणारे माणूस क्षणभर विसावले की वाफ न निवता उडून जाई, आणि अर्धा माल हवेत जाई. वेटोळ्याला माणूस लागत नाही. मात्र लवणी हातात घेऊन आतून बाहेरून घासता येई. वेटोळ्याच्या पोटात काय साचले आहे ते कोणाला दिसत नाही, हेही त्यांनी आपणहून जोडले.

आमच्या मते या एका उत्तरात घडण निवडण्याचे अर्धे शास्त्र आहे. गांधारची घागर, गोव्याची लवणी आणि कनौजच्या अत्तरवाल्यांचा भपका ही एकाच कुळातील भांडी आहेत. या तिघांतही साठवणारे भांडेच निववणारे भांडे आहे. कनौजला तांब्याची देग, बांबूचा चोंगा, आणि पाण्याच्या हौदात बसवलेला भपका अशी रचना असते. भपक्यात चंदनाचे तेल असते आणि फुलांचा वास त्यात मुरतो. कारागीर पाण्यात हात घालून भपका किती तापला ते पाहतो. फार तापला की देगेवर ओले फडके फिरवून वाफ मंदावतो आणि भपका बदलतो. तापमापक नाही, तोटी नाही. सगळे मोजमाप तळहातावर. मराठीत भपका म्हणजे डौल, झगमगाट. इतक्या निमूट भांड्याला हे नाव पडावे, हा शब्दांचा योगायोग मोठा गमतीचा आहे. आमच्या माळ्यावर सापडलेला लांब मानेचा गडवा हा असा भपकाच होता, हे आम्हांला तेव्हा उमगले.

मग मडके मागे पडले ते केवळ फुटते म्हणूनच काय? तसे नाही. एकोणिसाव्या शतकात भट्टीची घडण ठरवणारा एक नवा गृहस्थ आला, तो म्हणजे अबकारी अधिकारी. घराघरांत, शिवाराशिवारांत मातीच्या मडक्यांवर चालणाऱ्या भट्टीचे उत्पन्न मोजायचे कसे? कंपनी सरकारच्या काळापासून दोन रीती होत्या: एकतर ठरावीक रक्कम घेऊन मक्तेदाराला आपली भट्टी हवी तेथे लावू द्यायची, नाहीतर साऱ्या भट्ट्या एका भिंतीच्या आत आणून निघणाऱ्या मालाच्या मापावर कर घ्यायचा. मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा १८७८ चा. १८९२ च्या मोह कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरच निर्बंध आणले. भट्टी सापडत नाही तर फूलच बंद करावे, असा तो विचार. १८७८ च्याच इंग्रज-पोर्तुगीज करारात मिठाबरोबर अबकारीचेही कलम होते, त्यामुळे गोव्याच्या रेंदेरांनाही मुंबईच्या धोरणाची झळ पोहोचली. तो करार १८९२ साली संपला.

आणि या कथेतील सर्वांत बोलका योगायोग आयर्लंडचा आहे. न थांबता अखंड चालणाऱ्या, उंच स्तंभाच्या भट्टीचे पेटंट १८३० साली घेणारा ईनिअस कॉफी हा अनेक वर्षे अबकारी खात्यात नोकरी केलेला, तेथील महानिरीक्षकपदापर्यंत पोहोचलेला मनुष्य होता. मडक्यात एकेक खेप चढवावी लागते. स्तंभात एकीकडून रस सोडावा आणि दुसरीकडून कडक मद्यार्क घ्यावा. आजच्या कारखान्यांतील मद्यार्क अशाच स्तंभांतून निघतो. तो अतिशुद्ध असतो, पण रसाचा गंधही त्याबरोबर बराचसा निघून जातो. फेणी अजून मडक्याच्या कुळातील भांड्यातच का काढतात, याचे उत्तर येथे आहे. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशनाची मान्यता मिळाली आणि २०१६ साली गोवा सरकारने फेणीला वारसापेयाचा दर्जा दिला. ज्या भट्टीला शतकभर चोरट्यासारखे वागवले, तिला सरकारी गौरव मिळाला. मातीच्या लवणीला मात्र तो उशिराच पोहोचला.

बडोद्याच्या वाचकांना हा सारा प्रकार कदाचित रुचणार नाही, आणि त्यांचे कारण आम्ही जाणतो. १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा १९६० नंतर गुजरातने चालूच ठेवला, तरी १९८९ साली त्यांच्याच शहरात विषारी दारूने शंभरावर माणसे गेली. १९९१ साली विक्रोळीला, २००९ साली अहमदाबादला, २०१५ साली मालवणीला तेच घडले. अशा प्रत्येक वेळी लोक भट्टीला दोष देतात. पण या मृत्यूंचे कारण शोधले तर ते बहुधा मिथिल अल्कोहोल असते, आणि ते एवढ्या प्रमाणात मडक्यात जन्मत नाही. कारखान्यांच्या कामाचा तो द्रव पिंपांतून चोरीने येतो आणि दारूत मिसळला जातो, किंवा दारू म्हणून विकला जातो. ते रंगाने, वासाने ओळखता येत नाही. डोळे जातात, मग प्राण. शेजारच्या माणसाने शेजारच्या भट्टीवर काढलेल्या मालाला निदान एक चेहरा होता. पिंपातल्या विषाला तो नाही. भट्टीचे समर्थन करण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. मडक्याचा गुन्हा आणि पिंपाचा गुन्हा वेगळे ठेवावेत, एवढेच म्हणणे आहे.

मडक्याचे स्वतःचे दोष आहेतच, आणि नवशिक्याला तेच अधिक उपयोगी. आंबट पदार्थ बिनकल्हईच्या तांब्यापितळेत राहिला की कळकतो, हे आपल्या घरातील प्रत्येक आजीला ठाऊक होते. काजूचा रस आंबट, ओव्याचे पाणीही निरुपद्रवी नाही. कल्हई करावी तर ती शुद्ध कथलाची हवी. त्यात शिसे मिसळलेले असले, किंवा सांधा शिशाच्या डाकाने जोडलेला असला, तर विष हळूहळू उतरते आणि त्याची जाणीव वर्षांनी होते. नळीचे तोंड कशाने बंद झाले तर वाफेला वाट राहत नाही आणि टोपण उडते. जुने लोक सांधे मातकापडाने लिंपीत ते या दृष्टीने शहाणपणाचे होते, कारण दाब वाढला की माती आधी सुटते, भांडे फुटत नाही. स्क्रूने आवळलेल्या नव्या भांड्याला ही दयाबुद्धी नसते.

पुतण्याला आम्ही शेवटी जे सांगितले ते असे. मद्यार्काची भट्टी परवान्याशिवाय लावणे आपल्या राज्यातही गुन्हा आहे. गोव्यातसुद्धा काजूच्या भट्ट्यांचे हक्क सरकार लिलावाने देते. तेव्हा तो विचार मनातून काढ. गुलाबपाण्याला आणि ओव्याच्या अर्काला परवाना लागत नाही, आणि त्यांसाठी घरात आहे तेच भांडे योग्य आहे: रुंद बुडाचे, हात घालून घासता येणारे, मातीने लिंपलेल्या सांध्यांचे, आणि ज्याचा भपका पाण्यात ठेवावा लागतो असे. वेटोळे सोयीचे खरे, पण ते आतून घासता येत नाही, आणि पहिल्या वर्षी सोय हवी कशाला? भपक्यापाशी बसून राहावे लागते, म्हणूनच तो शिकवतो.

कल्हईवाला शोधण्यात तीन आठवडे गेले. जुन्या बाजारात एक सापडला. त्याने हंडा पाहून, हा पाऊणशे वर्षांचा तरी आहे, असे म्हटले आणि कथील आमच्या समोर वितळवले. बांबूचा नवा तुकडा कापून बसवला. पहिल्या खेपेला पाकळ्या बुडाला लागल्या आणि गुलाबपाण्याला धुराचा वास आला. घरातील मंडळींनी नाके मुरडली. दुसऱ्या खेपेला पुतण्याने पाकळ्यांखाली वेताची जाळी ठेवली, जाळ कमी केला, आणि भपक्याच्या पाण्यात हात घालून तो दोन तास बसून राहिला. संध्याकाळी त्याने बाटली आणून दिली. आमच्या ब्याण्णव वर्षांच्या आत्याने बूच काढून वास घेतला, आणि हंडा पुन्हा माळ्यावर टाकू नका, असे बजावले.